तांबड्या कापडातली पोथी

पोथी हातात आली की उघडायच्या आधी मी ती हुंगत असे. माझ्याबरोबर पोथ्या लावणाऱ्या शास्त्रीबुवांना ते मुळीच आवडायचं नाही. "हुंगायला ती काय भाजी आहे का?" असं म्हणून ते तोंड फिरवायचे. पण डोळ्यांआधी नाकाला कळतं, यावर मी आजही ठाम आहे. नुसत्या धुळीचा वास आला तर पोथी धडधाकट. उंदराचा वास आला तर कडा गेल्या. आणि कोंदट, ओल्या मातीचा वास आला तर समजावं की आत पानाला पान चिकटलंय. तिथे घाई केली की हातात अक्षरांचा चुरा येणार. माझ्या मामांच्या पोथीला हा शेवटचा वास होता.

ही हकिकत अमरावतीची. तिकडे अमेरिकेतली लढाई संपली, तिथला कापूस पुन्हा विलायतेला जाऊ लागला आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचा भाव एका हंगामात झोपला. कालपर्यंत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवणारे शेठ गावातून दिसेनासे झाले, त्यांची गोदामं ओस पडली. त्यातलंच एक गोदाम एका गोऱ्या साहेबानं घेतलं आणि तिथे अजबखाना मांडला. लोकांना वाटलं, आत दोन तोंडांचं वासरू असेल. बिचारे पाहायला यायचे आणि हिरमुसून जायचे, कारण आत होत्या बरण्यांत भरलेल्या माती, सरकीच्या जाती, वखर, तिफणी आणि मोटेची कातडी. जे रोज शेतात पाहतो ते पाहायला साहेबाच्या दारी कशाला यायचं, हा त्यांचा सवाल मला पटण्यासारखाच होता.

मागच्या खोलीत पोथ्या होत्या. साहेबाला देवाधर्माच्या पोथ्या नको होत्या. शेती, झाडपाला, पाऊसपाणी आणि गुरांचं औषधपाणी एवढ्याच विषयांच्या पोथ्या त्यानं गावोगाव माणसं धाडून जमवल्या होत्या. कोणी हौसेनं दिल्या, कोणी साहेबाच्या धाकानं आणून टाकल्या. काही पोथ्या कुठल्या तरी कचेरीच्या गळक्या छपराखाली दोन पावसाळे पडून होत्या आणि मग आमच्याकडे आल्या. त्या सगळ्या लावायच्या, कुठली जगेल आणि कुठली मरायला टेकली ते ठरवायचं, यासाठी साहेबाला माणसं हवी होती.

मी तोवर कापसाच्या काट्यावर वजनं लिहीत होतो. काटा थांबला तसा मीही बसलो. मोडी वाचता येतं आणि बैलांच्या रोगांची गावठी नावं कळतात, एवढ्या भांडवलावर साहेबानं मला ठेवून घेतलं. माझ्या जोडीला शास्त्रीबुवा. अमरावतीतलेच, वयानं माझ्या दुप्पट, संस्कृत जाणणारे आणि सोवळ्याचे कडक. साहेब खोलीत आला की ते भिंतीला टेकून उभे राहत आणि तो गेला की हात धूत. पण पोथीवर त्यांचा जीव होता. पोथी गुरांच्या आंवाची असो की वांग्याच्या किडीची, पहिल्या पानावर गणेशाला नमन दिसलं की ते हात जोडत. मी एकदा बोटाला थुंकी लावून पान उलटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मला ते आवडत होते, हे आधीच सांगून ठेवतो.

खोलीत अजून रुईचे तंतू उडायचे. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की ते दिसत, आणि संध्याकाळी आमच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. सरकीच्या वासानं उंदीर हटत नव्हते. आम्ही सकाळी बसायचो. एकेक गाठोडं सोडायचं, मोरपिसानं धूळ काढायची, पोथीच्या खालच्या-वरच्या लाकडी फळ्या तपासायच्या, पानांची मोजदाद बरोबर बसते की नाही पाहायचं. कसर लागली असेल तर पानाला चाळणीसारखी भोकं दिसत. वाळवी लागली असेल तर मातीची नळी सापडे. कुठे शाईनंच कागद खाल्लेला असे. ओळी होत्या तिथे नुसत्या ओळींच्या आकाराच्या फटी. मग कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाची पुडी ठेवून पोथी पुन्हा बांधायची.

बांधायला साहेबानं तीन रंगांचं कापड आणलं होतं. धडधाकट पोथीला पांढरं, डागडुजी हवी तिला पिवळं, आणि जिचं काही खरं नाही तिला तांबडं. तांबड्या पोथ्या दाराजवळच्या फळीवर वेगळ्या ठेवायच्या. छप्पर गळलं, आग लागली, तर हात आधी त्यांनाच पोचला पाहिजे, आणि नक्कल करायला बसलो की सुरुवातही त्यांच्यापासूनच. शास्त्रीबुवांनी ते नवं कोरं तांबडं कापड हातात घेऊन चाचपलं आणि फार दिवसांनी त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. म्हणाले, "म्लेंच्छ असून साहेबाला एवढं तरी कळतं." मला वाटलं, त्यांना कापडाचा पोत आवडला.

आता मामांकडे येतो. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. आईवडील माझ्या लहानपणीच गेले, मला वाढवलं ते मामांनी. पातूरजवळ त्यांची काळ्या मातीची जमीन होती, पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती गुरांचे वैद्य म्हणून. बैलाच्या पोटावर तळहात ठेवून ते डोळे मिटायचे, आणि बैलाच्या धन्याला त्या वेळी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती. ती विद्या त्यांना आजाकडून आली होती, आणि आजाची पोथीही. दौलताबादी कागद, बाळबोध अक्षर. शेवटच्या पानावर आजानं लिहून ठेवलं होतं की पोथीला ओल लागू देऊ नये. घरात ती देवांच्या शेजारी असायची.

मामांना एकच मुलगा. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. आम्ही दोघं एकाच धूळपाटीवर मोडी शिकलो. त्याचं अक्षर असं, की कोंबडीच्या पायाला शाई लावून सोडलं तर बरं लिहील. ते वाचू शकणारा त्याच्याखेरीज जगात मी एकटा. कापसाची तेजी आली तशी दादानं गाडी जुंपली. तेव्हा अकोल्याकडून अमरावतीच्या बाजारापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग तुटत नसे. बैल मरेपर्यंत हाकायचे, मेला की कडेला ओढायचा आणि दुसरा जुंपायचा. दादाला ते बघवत नव्हतं. मुक्कामाला तो गाडीवानांत बसून विचारायचा, कुणाचा बैल कशानं बरा झाला, आणि घरी आला की ते सगळं पोथीच्या समासात लिहून ठेवायचा.

मामांना एके दिवशी ते दिसलं. मी तेव्हा घरात होतो. मामांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "आज्याच्या पोथीत गाडीवानायच्या गप्पा लिवतो? पुन्ना हात लावशीन त हात तोडून टाकीन!" दादानं पोथी बांधून जागेवर ठेवली, सकाळी गाडी जुंपली आणि गेला. त्याच खेपेत मूर्तिजापूरच्या अलीकडे पटकीनं त्याला गाठलं. सोबतच्या गाडीवानांनी रस्त्याच्या कडेलाच अग्नी दिला आणि बैल तेवढे परत आणून पोचवले.

मामा रडले नाहीत. लोक म्हणाले, घट्ट माणूस आहे. मला राग आला होता त्यांचा, तो लपवत नाही. पुढे साहेबाचा माणूस पोथ्या शोधत गावात आला, तेव्हा त्यानं मागण्याआधीच मामांनी पोथी काढून त्याच्या हातात दिली. "घेऊन जा. मले घरात नको," एवढंच बोलले.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. सुईनं मोतीबिंदू सारणारा एक फिरता सुईवाला आला आणि उरलेसुरले डोळेही घालवून गेला. मी अजबखान्यात लागलो त्या वर्षीच्या दिवाळीला गावी गेलो, तर मामा ओट्यावर बसून बैलाच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेचे मणी चाचपत होते. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "ते पोथी तुमच्या तिथं हाय का रे?"

"असेल. पाहावं लागेल," मी म्हणालो.

"पाय. त्यानं काय लिवलं थे मले आयकाचं हाय." माळ खाली ठेवून म्हणाले, "मराच्या आधी. डोये गेले, नाईतर मीच पायलं असतं. अन् त्याचं अक्षर त तुलेच येते." आमच्याकडे भाच्याचा मान असतो, त्याला पाया पडू देत नाहीत. मामांनी मला हात जोडले. "भाचा हायेस, तुले हुकूम करता येत नाई. सांगतो आपलं."

माझा सगळा राग तिथेच संपला. अमरावतीला परतल्यावर मी ढिगातून पोथी शोधून काढली. ती सापडल्याचा आनंद वास येईपर्यंतच टिकला. गळक्या छपरानं आपलं काम केलं होतं. शाईतला डिंक ओलीनं सुटला होता आणि पोथीचा एक ठोकळा झाला होता. फक्त वरचं एक पान सुटं होतं. त्याच्या समासात दादाचं अक्षर होतं, आणि ते पाहून मला खोलीतून बाहेर जावं लागलं.

तिथे लिहिलं होतं: 'खांदा फुटलेल्या बैलाले बा तूप-हळद सांगतो. गाडीवाटेवर तूप नाई. गाडीवान जुनं तेल अन् राख लावतात. गुण येते. पण बाले येक विचाराचं हाय, की' आणि पान संपलं. पुढचं खालच्या पानावर होतं, आणि खालचं पान ठोकळ्यात होतं.

मी सुरी घेतली नाही, याचं श्रेय मला द्यायला हरकत नाही. आदल्या उन्हाळ्यात अशाच दोन चिकटलेल्या पोथ्या आम्ही भर वैशाखात खोली बंद करून ठेवल्या होत्या, आणि त्या उन्हाच्या झळीनं पानं आपोआप उकलली होती. सगळी नाही, पण पुष्कळ. साहेबालाही ते ठाऊक होतं. मी त्याला मामांचं सांगितलं. पोथी बाहेर जाणार नाही म्हणाला, "मगर बुड्ढे को यहाँ लाओ." वैशाखात पानं सुटली की मी वाचायचं, मामांनी ऐकायचं, त्यांना जे सांगायचं ते सांगायचं, आणि सगळं नव्या नकलेत उतरायचं. साहेब खूश झाला. मीही झालो.

शास्त्रीबुवा मात्र मान हलवत होते. मी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. दादाचं सांगितलं, मामांना काय ऐकायचं आहे तेही सांगितलं. त्यांनी ठोकळा हातात घेऊन फिरवला. म्हणाले, "गेली रे ही. मढ्याला ऊन दाखवून ते उठून बसतं का?"

"गेल्या साली बसलं होतं," मी म्हणालो.

"ती दैवाची गोष्ट," ते म्हणाले, आणि पोथी तांबड्या कापडात बांधून त्यांनी दाराजवळच्या फळीवर ठेवली. गाठ मारताना त्यांचे हात फार हळुवार चालत होते, हे मला चांगलं आठवतं.

वैशाख लागायच्या सुमारास साहेब धारणीकडच्या जंगलात बिया आणि लाकडाचे नमुने गोळा करायला गेला, आणि मी मामांना आणायला निघालो. गावी पोचल्यावर मी त्यांना समासातली ती ओळ वाचून दाखवावी तशी तोंडपाठ म्हणून दाखवली. मामा गाडीला टेकून उभे होते. 'बाले येक विचाराचं हाय, की' इथे मी थांबलो.

"की काय?" मामा म्हणाले.

"तिथे पान संपलं. पुढचं चिकटलंय. उन्हानं सुटेल."

"की काय?" त्यांनी पुन्हा विचारलं, जणू मी मुद्दाम हात आखडता घेत होतो. मग स्वतःच गाडीत चढून बसले. त्यांच्या घरातल्यांनी दशम्या बांधून देईपर्यंतही त्यांना दम नव्हता.

पातूरहून अकोला आणि अकोल्याहून अमरावती, हा रस्ता मी आयुष्यात अनेकदा केला, पण तेवढा लांब कधी वाटला नाही. रेल्वे होती, पण मामा गाडीखेरीज कशातच बसायला तयार नव्हते. तेजीच्या वर्षांतल्या बैलांची हाडं अजून रस्त्याच्या दुतर्फा पडलेली होती. गाडीचं चाक हाडावरून गेलं की मामा मान वळवायचे आणि विचारायचे, "बैल व्हय?" मी हो म्हणायचो. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. कुठल्या झाडाखाली, कुठल्या दगडापाशी, मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नाही. त्यांनी खाली उतरून मातीला हात लावला आणि परत गाडीत बसले.

वाटभर ते एकच बोलत होते. "त्याले विचाराचं काय असंन? खांद्याचं त त्याले सारं येत होतं. तेल चालते का, असं असंन का? मी नाई म्हनलं असतं. तवा नाई म्हनलं असतं. आता हो म्हनीन." पुन्हा थोड्या वेळानं, "तसं नसंन. दुसरं काही असंन." म्हाताऱ्या माणसात एवढी उतावीळ मी कधी पाहिली नव्हती. मुलाच्या भेटीला निघाल्यासारखे ते अंगरख्याचे बंद पुन्हा पुन्हा नीट करत होते.

अमरावतीत पोचलो तेव्हा दुपार तापली होती. मामांना हाताला धरून मी अजबखान्याच्या मागच्या खोलीत नेलं. दाराजवळची फळी रिकामी होती. धुवून पुसून लख्ख केलेली, आणि तिच्यावर हळदकुंकवाची बोटं.

शास्त्रीबुवा आतून आले. उपासानं चेहरा उतरलेला, पण डोळे निवलेले. मामांना पाहून त्यांनी लवून नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमचा भार उतरवला मी. अक्षय्यतृतीयेला पूर्णेवर नेल्या सगळ्या. तुमची माझ्या डोक्यावर होती, गाडीत ठेवली नाही. अनवाणी गेलो, आणि तेव्हापासून उपास धरलाय."

मला आधी शब्दच कळले नाहीत. मग कळले. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. शास्त्रीबुवा गोंधळले. त्यांना खरोखरच कळेना की मी का चिडलो. समजूत घालावी तसे म्हणाले, "अरे, मी पान उचकटून पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. चुरा झाला. वाचणं होणारच नव्हतं. हे एवढ्या लांबून येणार, आणि हातात काय देणार आपण, तुकडे? खंडित मूर्ती आणि जीर्ण पोथी छपराखाली ठेवली तर दोष लागतो धन्याला. आधीच मुलगा गेलेला. आणखी दोष कशाला? साहेबानंसुद्धा तांबडं बांधून दाराशी ठेवायला सांगितलं होतं."

तिथे मला सगळं उमगलं. आमच्याकडे फाटकी पोथी रद्दीत टाकत नाहीत की जाळत नाहीत. कोऱ्या तांबड्या कापडात बांधून, दाराशी ठेवून, पूजा करून तिला वाहत्या पाण्याला देतात. साहेबानं ज्या पोथ्या वाचवण्यासाठी तांबडं कापड ठरवलं, त्या निरोप द्यायला बांधल्यात असं शास्त्रीबुवा समजले. आणि साहेबानं तसं सांगितलं नसतं तरी त्यांनी तेच केलं असतं. दुष्टपणानं नाही, आळसानं नाही, कुणाच्या लोभानंही नाही. मामांवरच्या मायेनं. आजवर मला अनेकांचा राग आला, पण त्या दिवसासारखी कोंडी कधी झाली नाही. ज्याच्यावर राग काढावा असा माणूसच समोर नव्हता. समोर एक उपाशी, भला म्हातारा उभा होता.

मामांनी शास्त्रीबुवांच्या आवाजाच्या दिशेनं हात जोडले. "बरोबर केलं महाराज तुमी. मले पुसलं असतं त मीबी हेच सांगतलं असतं. आमच्या आज्यानंबी जुन्या पोथ्या पूर्णेलेच देल्या होत्या." मग म्हणाले, "पानी होतं का?"

"डोह होता. कंबरेएवढा," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मले तिथं ने," मामा मला म्हणाले.

मी नको म्हटलं, ऊन आहे म्हटलं, बैल थकलेत म्हटलं. बैल थकलेत म्हटल्यावर त्यांनी बाहेर येऊन दोन्ही बैलांच्या पोटावर हात फिरवला आणि सकाळपर्यंत थांबायला कबूल झाले. सकाळी शास्त्रीबुवा सोबत यायला निघाले होते. मी त्यांना येऊ दिलं नाही.

वैशाखातली पूर्णा म्हणजे नदी म्हणवत नाही. काठावर खाराचे पांढरे पापुद्रे, मधे काळा गाळ आणि कुठे कुठे साचलेलं खारट पाणी. शास्त्रीबुवांनी सांगितलेला डोह सापडला. कंबरेएवढं पाणी आता गुडघ्याखाली आलं होतं, आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. मामांच्या पोथीची एक फळी काठाला लागली होती. तांबडं कापड गाळात अर्धं रुतलेलं दिसत होतं, त्याचा रंग भोवतीच्या चिखलात उतरला होता. मी मामांना यातलं काही सांगितलं नाही. पण म्हशींचा आवाज त्यांना येतच होता.

"म्हशी हायेत," ते म्हणाले. "राहू दे. तिच्यात त्यायचंच लिवलं होतं."

धोतर वर करून ते गाळात बसले आणि हातांनी चाचपू लागले. मी खांद्याला धरून उठवायला गेलो, तर त्यांनी माझा हात झटकला. बैलाच्या पोटावर फिरवावा तसा त्यांचा तळहात चिखलावरून हळूहळू फिरत होता. मधूनच दगड लागे, शंख लागे, ते बाजूला टाकत. मग एके ठिकाणी हात थांबला. कापडाच्या पोटातून त्यांनी एक करडा गोळा काढला. भिजलेल्या कागदाचा लगदा होता तो. त्यांनी तो दाबून पाहिला नाही, फोडून पाहिला नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून माझ्यापुढे केला.

"वाच," ते म्हणाले.

मी तो हातात घेतला. पाणी माझ्या कोपरावरून ओघळत होतं. शाईचा मागमूसही नव्हता.

"वाच ना रे. शाई दिसते का?"

"नाही मामा."

"येकबी अक्षर?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग लगदा माझ्याकडून परत मागून घेतला, आपल्या उपरण्यात बांधला आणि उठले. पातूरला नेऊन त्यांनी तो ओट्यावर वाळत घातला. वाळल्यावर त्याची एक कडक, हलकी गोवरी झाली. ती त्यांनी देवांच्या शेजारी, पोथीच्या जुन्या जागेवर ठेवली.

साहेब जंगलातून परतल्यावर त्यानं आरडाओरडा करून शास्त्रीबुवांना काढून टाकलं. थोड्या काळानं त्याचीही बदली झाली, मातीच्या बरण्या कुठे गेल्या कुणास ठाऊक, आणि गोदामात पुन्हा कापूस भरला. शास्त्रीबुवा मला रस्त्यात भेटायचे तेव्हा अगदी मनापासून विचारायचे, "मामा बरे आहेत ना? आता दोष नाही त्यांना." मी बरे आहेत म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

मामा पुढे फार काळ राहिले नाहीत. पण जेवढे राहिले तेवढ्यात त्यांनी आपली सगळी विद्या बोलून काढली. मी गावी गेलो की ते सुरू करायचे, आणि प्रत्येक गोष्टीआधी म्हणायचे, "त्यानं असं विचारलं असंन." पोटफुगीचं सांगायचे, खुराचं सांगायचे, जीभ सुजली तर काय ते सांगायचे. मी लिहून घ्यायचो. सांगून झालं की थांबायचे आणि माझ्याकडे कान करून विचारायचे, "हेच असंन का रे?" मी म्हणायचो, असेल.

त्यांच्या शेवटच्या पोळ्याला मी गावातच होतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. मामा लोणी-हळद घेऊन बैलाच्या खांद्यापाशी बसले आणि चोळता चोळता म्हणाले, "लिव. खांदा गरम हाय तवर औषध लावाचं नाई. जू उतरलं की आधी गार होऊ द्याचा, मंग लावाचं. तेल असो का तूप. हेच विचाराचं असंन का त्याले?"

त्यांच्या तोंडावर इतकी आशा होती की मला राहवलं नाही. "हो मामा," मी म्हणालो. "हेच असणार."

त्यांचा हात बैलाच्या खांद्यावर थांबला.

"खोटं नको बोलू, भाच्या," ते म्हणाले. "हे त त्याले येत होतं. मीच शिकोलं होतं."

आणि ते पुन्हा खांदा चोळायला लागले.